जुन्या बिडाच्या शेगडीला पुन्हा विस्तव दाखवताना

गेल्या अंकात मी लिहिले होते की, बंद दाराची जुनी बिडाची शेगडी नीट उघडून पुन्हा बसवली तर ती नव्याइतकेच काम देते. त्यावर बरीच पत्रे आली. माझी उमेदीची वर्षे ओतशाळेत गेली आणि त्यानंतर मी अशा शेगड्याच उघडतो-बसवतो, त्यामुळे ही पत्रे वाचताना फार आनंद झाला. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

लाकडावर चालणारी एक जुनी शेगडी मला मिळाली आहे. ती कित्येक वर्षे उघड्यावर पडून होती. बाहेरून पूर्ण तांबारली आहे, दाराची दोरी लोंबते आहे आणि आतली जाळी वाकली आहे. घेतली ती चूक झाली का? सुरुवात कुठून करू?

चूक अजिबात झालेली नाही. गंज पाहून हाय खाऊ नका. बिडाच्या तबकड्या, म्हणजे ज्या ओतीव तुकड्यांची शेगडी जोडलेली असते ते, चांगल्या जाड असतात, पातळ पत्र्यासारख्या त्या सहजी आरपार सडत नाहीत. तारेचा ब्रश फिरवला की तांबूस पापुद्र्याखालून करडे, धडधाकट बीड बाहेर येते. शेगडी कामातून जाते ती फटींनी आणि तड्यांनी. विस्तवाला हवा मिळायची ती तुम्ही ठेवलेल्या झडपेतूनच मिळाली पाहिजे. दुसरीकडून शिरू लागली की विस्तव तुमच्या ताब्यात राहत नाही, लाकूड भसाभस जळते, बीड नको तितके तापते आणि मग एकेक तबकडी वाकत किंवा तडकत जाते.

म्हणून ब्रशच्या आधी टॉर्च घ्या. रात्री दिवे मालवून पेटता टॉर्च शेगडीच्या पोटात ठेवा, दार लावा, झडपा बंद करा आणि चारी बाजूंनी फिरून पाहा. वाकून तळाकडूनही पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे खडूने खूण करा. दोन तबकड्यांच्या सांध्यातून उजेड येत असेल तर तिथले लुकण, म्हणजे सांधा बुजवणारा लेप, झडले आहे, ते पुन्हा भरता येते. दाराभोवती दिसला तर दाराची फट बुजवणारी दोरी गेली आहे, तीही बदलता येते. सपाट तबकडीच्या मधोमध नागमोडी रेघ दिसली तर तो तडा. त्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिले आहे.

खरवडायला बसण्याआधी एक गोष्ट कृपा करून मनावर घ्या. १९८० च्या दशकापर्यंत दाराच्या दोरीत आणि सांध्याच्या लुकणात ॲस्बेस्टॉस सर्रास वापरत. तुमची शेगडी तितकी जुनी असेल तर लोंबणारी ती दोरी कोरडी ओढू नका, ब्रशने घासू तर मुळीच नका. आधी साबणाच्या पाण्याचा फवारा मारून ती चिंब करा, ओली असतानाच अलगद काढा आणि पिशवीत बांधून घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे टाका. त्या तंतूंची धूळ छातीत गेली तर कायमची राहते. जुना रंग असेल तर त्यात शिसे असू शकते, म्हणून चांगल्या प्रतीचा मास्क आणि चष्मा लावल्याशिवाय ब्रश फिरवू नये.

आता शेगडी उघडायची. दार, वरचे झाकण, आतल्या विटा आणि जाळी आधी बाहेर काढा. वजन खूपच कमी होते आणि विटाही फुटत नाहीत. दाराला किंवा धुराच्या गळ्याला, म्हणजे पाईप जिथे बसतो तिथे, धरून शेगडी कधी उचलू नये. आणि पाय जमिनीवरून फरफटत नेऊ नये, बिडाचे पाय अशानेच मोडतात. तबकड्या एकमेकींच्या खाचांत बसवून बोल्टांनी आवळायची पद्धत फार जुनी आहे. १७४४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी ज्या शेगडीची पुस्तिका छापली तीही अशीच ओतीव तबकड्यांची होती. म्हणजे तुमच्यासमोर एक जोडणी आहे, आणि जे जोडले आहे ते सोडवता येते. प्रत्येक टप्प्याला फोटो काढा आणि तबकडीच्या आतल्या बाजूला खडूने क्रमांक घाला.

जाम झालेल्या बोल्टांवर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर थांबा. सकाळी थोडे सैल, थोडे घट्ट असे मागेपुढे करत सोडवा. तरीही हलत नसेल तर तेल पुसून, जवळचे जळण्यासारखे सगळे दूर करून, फक्त नट बर्नरने तापवा. पाना लांब करून जोर लावू नका, कारण बोल्ट ज्या बिडाच्या कानात बसलेला असतो तो कान आधी तुटतो. बोल्ट कापून टाकला तर नवा मिळतो. कान तुटला तर तसा कान पुन्हा ओतून कोण देणार? बोल्ट आतच मोडला तर मधोमध छिद्र पाडून तो काढावा आणि आटे नव्याने पाडावेत. नव्या बोल्टांना ग्रॅफाइटचा किंवा तांब्याचा उष्णतेत टिकणारा लेप लावा, म्हणजे पुढे कधी कोणी ही शेगडी उघडेल त्याला त्रास होणार नाही.

गंजासाठी मोठ्या तबकड्यांना तारेचा ब्रश आणि ड्रिलवर बसवायचा वाटीसारखा ब्रश पुरतो. बिजागऱ्या, खिट्ट्या, झडपेची चकती अशा नक्षीच्या बारीक भागांना मात्र धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेचा मंद प्रवाह देऊन गंज सोडवणे उत्तम. वस्तू बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादा साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. तिथे स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात क्रोमियमची विषारी संयुगे तयार होतात. आणि हे काम उघड्या हवेत करा, कारण हायड्रोजन वायू सुटतो. बाहेर काढलेली वस्तू लगेच धुऊन, ऊब देऊन कोरडी करा, नाहीतर तासाभरात तिच्यावर पुन्हा तांबूस झाक चढते.

जोडताना खाचेतले जुने लुकण पूर्ण खरवडा. खाच ओलसर करा. मग भट्टीसाठी मिळणारे उष्णतारोधक लुकण बोटाने दाबून भरा, तबकडी बसवा आणि सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. एका कोपऱ्यात पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर तबकडीवर ताण येतो. लुकण थोडे बाहेर आले की थांबा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. एक दिवस वाळू द्या. मग लागोपाठ चार-पाच लहान विस्तव करा, पहिला नुसत्या काटक्यांचा. लुकणात पाणी असते, एकदम मोठा जाळ केला की ते उकळून फुगते आणि सांधा पुन्हा पोकळ होतो.

वाकलेली जाळी बदलूनच टाका. साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर पुन्हा पुन्हा तापलेले बीड कायमचे फुगते. त्यातले लोखंडाचे कार्बाइड फुटून ग्रॅफाइट बनते, ते जास्त जागा घेते, शिवाय ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या कडेने आतून गंज शिरतो. जुन्या जाळ्या चौकटीत घट्ट अडकून बसतात त्या याच कारणाने, त्या मूळ मापापेक्षा खरोखरच मोठ्या झालेल्या असतात. नवी जाळी बसवताना कडेला थोडी मोकळीक सोडा, तापल्यावर तिला पसरायला जागा हवी.

आमच्या शेगडीच्या एका बाजूच्या तबकडीला केसासारखा तडा दिसतो. वेल्डिंगवाला म्हणतो, दहा मिनिटांचे काम आहे. करून घ्यावे का?

दहा मिनिटांत होणार असेल तर करून घेऊ नका. बिडात कार्बन २ ते ४ टक्के असतो आणि करड्या बिडात तो ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. त्यामुळे बीड उष्णता छान धरते, साच्यातली नक्षी अचूक उचलते, पण ताण आला की वाकत नाही, थेट तुटते. नेहमीच्या रॉडने थंड तबकडीवर टाका मारला की टाक्याभोवतीचा भाग एकदम तापतो, एकदम निवतो, काचेसारखा कडक होतो आणि नवा तडा टाक्याच्या कडेनेच धावतो. बिडाचे वेल्डिंग करायचे तर संपूर्ण तबकडी सुटी काढून भट्टीत तापवावी लागते, निकेलचा रॉड वापरावा लागतो आणि नंतर ती राखेत किंवा वाळूत पुरून तासन्‌तास निवू द्यावी लागते. असे करणारा कारागीर मिळाला तर त्याच्याकडे तबकडी निर्धास्तपणे द्या.

पण आधी तडा खरोखर आरपार आहे का ते ठरवा. ओतशाळेतली आमची जुनी रीत सांगतो. विस्तव नसलेल्या, पूर्ण थंड शेगडीच्या त्या जागेवर आतल्या बाजूने रॉकेल चोपडा. बाहेरची बाजू कोरडी करून तिच्यावर खडूची पूड चोळा आणि थांबा. तडा आरपार असेल तर पांढऱ्या पुडीवर ओलसर करडी रेघ उमटते, आधी मध्ये ठळक आणि मग टोकांकडे सरकत जाणारी. ती जिथे थांबते ते तड्याचे खरे टोक. डोळ्याला दिसणारे टोक बहुधा त्याच्या अलीकडेच असते. रेघ उमटलीच नाही तर ती ओताईतली सुरकुती असू शकते, तिच्याकडे दुर्लक्ष करा. तपासणी झाली की रॉकेल पूर्ण पुसून, उडून जाऊ द्यायचे. त्याचा वासही उरलेला असताना शेगडी पेटवू नये.

तडा आरपार पण आखूड असेल आणि बोल्टाच्या कानाकडे किंवा दाराच्या चौकटीकडे जात नसेल, तर खऱ्या टोकाच्या किंचित पुढे ३ ते ४ मिलिमीटरचे छिद्र पाडा. टोकाशी एकवटलेला ताण छिद्राच्या गोलाईत विखुरतो आणि तडा पुढे सरकत नाही. मग छिद्र आणि तडा लुकणाने भरा, आतल्या बाजूने जाड पत्र्याची पट्टी लावून दोन बोल्टांनी आवळा. पट्टीची छिद्रे थोडी लंबगोल ठेवा, पत्रा आणि बीड वेगवेगळे पसरतात. दाराच्या चौकटीला किंवा धुराच्या गळ्याला तडा असेल तर मात्र असल्या उपायांच्या भरवशावर राहू नका, तो भागच बदला. तिथून धूर आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत येतो, आणि त्या वायूला ना रंग ना वास. शेगडी असलेल्या प्रत्येक घरात त्याची सूचना देणारे यंत्र असलेच पाहिजे, तडा असो वा नसो.

दाराची काच दोन दिवसांत काळी होते. कशाने पुसू?

ओल्या कागदाचा बोळा शेगडीतल्याच बारीक पांढऱ्या राखेत बुडवून, काच पूर्ण थंड असताना पुसा. राखेतला क्षार काजळी सोडवतो. पण राखेत खडा नाही ना ते बघा, ओरखडा पडला की काच तिथून कमजोर होते. दोन दिवसांत काळी होत असेल तर मात्र दोष काचेचा नाही. लाकूड ओले आहे, किंवा झडप फारच बंद ठेवून विस्तव घुसमटवला जातो आहे. काच फुटली तर सिरॅमिक काचच आणा, ती ७०० अंशांच्या आसपासची उष्णता सोसते. खिडकीची साधी काच लगेच तडकेल आणि कडक केलेली टफन्ड काचही इतक्या उष्णतेसाठी नसते. काच धरणाऱ्या पट्ट्यांचे स्क्रू हातानेच बसवा, काच दोरीवर किंचित हलली पाहिजे.

शेगडी दुरुस्त करून बसवली, पण पाईपच्या सांध्यातून डांबरासारखे काळे पाणी ओघळते आणि उग्र वास येतो. रात्रभर विस्तव टिकावा म्हणून आम्ही लाकूड भरून झडप जवळजवळ बंद करतो. लुकण पुन्हा भरावे का?

लुकण भरू नका. या पत्राने मला काळजी वाटली, म्हणून उत्तर नीट वाचा. ते काळे पाणी म्हणजे क्रिओसोट. लाकूड अर्धवट जळले की त्याचा धूर डांबरी वाफांनी भरलेला असतो, आणि पाईपमध्ये तो साधारण १२० अंशांच्या खाली निवला की त्या वाफा भिंतीवर द्रव होऊन बसतात. आज ओघळतात, उद्या वाळून कडक चकाकता थर होतो, आणि एखाद्या दिवशी मोठा जाळ केला की तो थर पेट घेतो. धुराड्यातली आग हजार अंशांच्या वर जाते, आगगाडी अंगावर यावी तसा घोंघाट होतो आणि भोवतालची लाकडे पेटू शकतात. तसा आवाज कधी आलाच तर दार आणि सगळ्या झडपा बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला बोलवा. तापलेल्या शेगडीवर पाणी ओतू नका, बीड फुटून तुकडे उडतात.

ओघळ सांध्याच्या बाहेर येतो आहे, यावरून पाईप उलटे बसवले आहेत असे दिसते. प्रत्येक तुकड्याचे चुण्या घातलेले निमुळते टोक खाली, शेगडीच्या दिशेने हवे. मग जे काही ओघळेल ते पाईपच्या आतून परत शेगडीत जाऊन जळते. पाईप उलटे का बसवतात तेही मला ठाऊक आहे, धूर सांध्यातून बाहेर पडेल असे वाटते. पण नीट ओढणाऱ्या धुराड्यात आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, सांध्यातून हवा आत खेचली जाते. तीन स्क्रूंनी प्रत्येक सांधा पक्का करा. कोपरे दोनपेक्षा जास्त नकोत. धुराड्याचे तोंड छपरातून निघते तिथपासून किमान ९० सेंटिमीटर वर, आणि भोवतीच्या ३ मीटर अंतरातल्या कोणत्याही भागापेक्षा ६० सेंटिमीटर उंच असावे. जुन्या शेगडीवर अंतराची पाटी नसेल तर जळणाऱ्या कोणत्याही भिंतीपासून, पडद्यापासून, फर्निचरपासून ती ९० सेंटिमीटर लांब ठेवा.

पण मुळात बदलायला हवी ती रात्रीची सवय. शेगडी ठासून भरून झडप मिटणे म्हणजे क्रिओसोट गाळण्याची भट्टी लावणेच आहे. लहान, धगधगीत, ज्वाळेचा विस्तव ठेवा. पाईपवर चुंबकाने चिकटणारा तापमापक लावा आणि एकेरी, म्हणजे एकाच पत्र्याच्या पाईपवर काटा साधारण १२० ते २४० अंशांच्या मध्ये राहील असे पाहा. लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत असला पाहिजे. मोजताना ओंडका तिथल्या तिथे फोडून आतल्या ताज्या बाजूला मापकाच्या सुया टोचा, बाहेरची साल केव्हाच कोरडी दिसते. तोडलेले लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूंनी वारा खेळेल असे रचून किमान एक वर्ष वाळवावे, कठीण लाकडाला दोन वर्षेही लागतात. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड, औषध मारलेले लाकूड, प्लास्टिक यांतले काही आत जाता कामा नये. आणि सध्या काय कराल? विस्तव बंद ठेवा, धुराडे साफ करणाऱ्याला बोलवा, थर ३ मिलिमीटर झाला असेल तर साफसफाई टाळता येत नाही, आणि चकाकता थर असेल तर तो ब्रशने निघतही नाही. ते होईपर्यंत शेगडी पेटवू नका, एवढे माझे ऐकाच.

शेगडी साफ झाली. आता तिला बिडाच्या भांड्यासारखे तेल लावून काळे करू की रंग देऊ? आणि वापर नसताना तिची काय काळजी घ्यायची?

वरच्या तबकडीवर भांडी ठेवत असाल तर तेवढ्या भागाला तेलाचा अगदी पातळ हात चालतो. बाकी अंगाला तेल लावले की ते दर वेळी धुराळते आणि तापलेल्या जागी जळून निघून जाते. बाहेरून दोनच पर्याय मला पटतात. एक म्हणजे ६०० अंशांपर्यंत टिकणारा शेगडीचा रंग, पूर्ण स्वच्छ आणि तेलकटपणा काढलेल्या बिडावर दोन पातळ हात. दुसरा म्हणजे ग्रॅफाइटचे काळे पॉलिश. मी स्वतः पॉलिशच्या बाजूचा आहे. रंग सगळी नक्षी एकसारखी झाकतो, पॉलिश घासले की उंचवट्यांवर चंदेरी काळी चकाकी येते, खाचा मंद राहतात आणि साचा कोरणाऱ्याने काय मेहनत घेतली होती ते दिसते. पॉलिश अधूनमधून पुन्हा लावावे लागते, पण तेवढे हात फिरवताना तडेही नजरेस पडतात. मीनाकारी केलेल्या शेगडीला यांतले काहीही लावू नका, तारेचा ब्रशही नको, फक्त ओले फडके. रंग दिला असेल तर पहिले दोन-तीन विस्तव खिडक्या उघड्या ठेवून करा, पक्का होईपर्यंत रंगाचा धूर होतो.

वापरात असताना सगळी राख काढू नका. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर राहू द्या, तिच्यामुळे तळ वाचतो आणि निखारे धगधगते राहतात. जाळीखाली मात्र राख साठू देऊ नका, हवा अडली की जाळी वितळण्याइतकी नसली तरी वाकण्याइतकी तापते. काढलेली राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर, न जळणाऱ्या जमिनीवर ठेवा. राखेत निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, वरून थंडगार लागत असले तरी.

हंगाम संपला की मात्र राखेचा कण आत ठेवायचा नाही. राख आणि काजळी हवेतला ओलावा ओढून घेतात आणि त्यातून तयार होणारा द्रव बीड खातो. जितका गंज बिनवापराच्या महिन्यांत चढतो तितका वापरात कधी चढत नाही. म्हणून पाईप आणि आतली आडवी तबकडी उतरवून झाडा, तिच्यावर काजळीचा ढीग असतो आणि तो बहुतेक लोक बघतच नाहीत. आतून कोरडा ब्रश फिरवा, झडपा उघड्या ठेवा, दार किलकिले ठेवा. धुराड्याच्या तोंडावर टोपी नसेल तर बसवून घ्या, पावसाचे पाणी थेट शेगडीत उतरते.

त्याच वेळी दाराची दोरी तपासा. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. चारी बाजूंनी पट्टी घट्ट धरली गेली पाहिजे. एखाद्या जागी सहज सुटली तर आधी खिट्टी आवळून पाहा, तरीही सुटली तर दोरी बदला. नवी दोरी जुनीच्याच जाडीची घ्या. जाड घातली की दार जोर लावून मिटावे लागते आणि तो जोर बिजागरीच्या कानावर येतो. खाच खरवडून लुकणाची पातळ रेघ ओढा, दोरी न ताणता त्यात बसवा, टोके बिजागरीच्या बाजूला एकमेकांना भिडवा, एकावर एक नको. दार एका दिवसासाठी बंद करून ठेवा, मध्ये मेणकागद घातला म्हणजे दोरी चौकटीला चिकटत नाही.